बेबीताईंच्या बाजूची काच

डॉक्टर मनमोहन त्रिलोकेकरांनी अमेरिकन गाडी घेतली तेव्हा ठाकुरद्वारच्या त्यांच्या वाडीत बरेच दिवस चर्चा चालली होती. माणूस दातांचा डॉक्टर, दवाखाना घरापासून चार मिनिटांच्या वाटेवर, घरात नवरा, बायको आणि एक बहीण एवढीच माणसं. मग एवढं धूड दारात कशाला बांधायचं, असं लोक म्हणत. डॉक्टर म्हणत, "गाडी दणकट आहे. एक परदेशी साहेब मायदेशी परत चालला होता, त्याने फार जपून वापरलेली. वीस वर्षं बघायला नको."

खरं कारण बेबीताईंना ठाऊक होतं. साहेबाच्या बंगल्यावर गाडी बघून आल्यावर डॉक्टर इंजिनाबद्दल किंवा टायरांबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. जेवायला बसल्यावर ते आपल्या बायकोला, सुमतीला एवढंच म्हणाले होते, "त्या गाडीच्या काचा बटणावर वरखाली होतात. हँडल फिरवावं लागत नाही." आणि मग बराच वेळ ताटाकडे बघत भात कालवत राहिले होते.

बेबीताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. वय अठ्ठावन्न, पण वडिलांनी लाडाने हाक मारली ती कायमची चिकटली. मुलींच्या एका शाळेत त्यांनी बावीस वर्षं चित्रकला शिकवली. मग संधिवाताने धरलं. आधी गुडघे गेले, मागून हात. बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. पेन्सिल सुटली, मग वेणीफणी सुटली, मग कपबशी. दहा वर्षं झाली, सकाळी तोंड धुण्यापासून रात्री पांघरूण ओढण्यापर्यंत दुसऱ्याच्या हातावाचून त्यांचं चालत नव्हतं. सुमती सगळं हसतमुखाने करायची, त्याबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती. पण कुणी किती प्रेमाने केलं तरी करून घेणाऱ्याला दिवसभर "जरा हे कर गं, जरा ते दे गं" म्हणावंच लागतं. त्या "जरा"चा बेबीताईंना कंटाळा आला होता.

आणि मग ती गाडी आली. शनिवारी संध्याकाळी दवाखाना लवकर बंद करून डॉक्टर सुमतीच्या मदतीने त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवायचे, डाव्या बाजूला. गाडी चौपाटीवरून वाळकेश्वरच्या दिशेने निघाली की समुद्र नेमका त्यांच्या बाजूला यायचा. तिथे आल्यावर बेबीताई उजव्या हाताने डावं मनगट धरून ते दारावरच्या बटणापर्यंत न्यायच्या आणि आंगठ्याच्या पेराने बटण दाबायच्या. दारात घूं असा आवाज व्हायचा, काच सरसर खाली उतरायची आणि खारा वारा तोंडावर यायचा. आठवड्याच्या सात दिवसांत कुणाला न सांगता केलेली तेवढी एकच गोष्ट. डॉक्टर त्या वेळी मुद्दाम समोरच्या रस्त्याकडे बघत.

साठ सालच्या चैत्रात ती काच बिघडली.

आधी ती अडखळायला लागली. कधी चालायची, कधी दोन-दोनदा दाबावं लागायचं. मग एका शनिवारी चौपाटीवर बेबीताईंनी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. काच वर मिटलेली ती मिटलेलीच. डॉक्टरांच्या बाजूला चारी काचांची बटणं होती, पण त्यातलं या काचेचं बटण गाडी घेतली तेव्हापासूनच मुकं होतं. त्यांनी आपली काच खाली केली, मागच्या दोन्ही केल्या. वारा आला, पण तो सगळा मागच्या मागे पळाला. बेबीताईंच्या गालाशी तापलेली काच आणि काचेपलीकडे समुद्र.

"बेबीताई, फार उकडतंय का?"

"नाही रे. ठीक आहे."

पुढच्या शनिवारीही तेच झालं. त्यानंतरच्या शनिवारी डॉक्टर कपडे बदलून आले तेव्हा बेबीताई म्हणाल्या, "आज नको. आज पडून राहावंसं वाटतंय." डॉक्टरांनी कपडे पुन्हा बदलले. पण सोमवारी सकाळीच गाडी घेऊन ते ऑपेरा हाऊसकडच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मिस्त्रीने बटण चार वेळा दाबून पाहिलं, दारावर कान ठेवला आणि निकाल दिला, मोटर जळली. नवी मोटर अमेरिकेहून येणार, म्हणजे सरकारी परवाना आला, आणि हल्ली परदेशी मालाला परवाना मिळणं किती कठीण. सहा महिनेही लागतील, वर्षही लागेल. "तोवर काच खाली ओढून खालून लाकडाचा ठोकळा मारून देतो, म्हणजे उघडी राहील," असंही तो म्हणाला.

डॉक्टरांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मीराबाई बेबीताईंच्या हाताला तेल लावत होती.

मीराबाई लालबागची. चार वर्षांपूर्वी, छप्पन साली, तिचा नवरा रघु संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला आणि त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. तो गिरणीत वायरमन होता. घरात सासू, दोन मुलं आणि मिळवणारं कुणी नाही, म्हणून मीराबाई काम शोधत गिरगावात आली आणि तेव्हापासून रोज सकाळी ट्रामने येऊन बेबीताईंचे हातपाय चोळून द्यायला लागली. रघु सुटून पुन्हा कामावर लागला तरी तिने हे काम सोडलं नाही. त्या चार महिन्यांत तुरुंगातून रघुची आठ कार्डं आली. मीराबाईला वाचता येत नव्हतं. चाळीत वाचून घेतलं की सगळ्या मजल्याला बातमी, म्हणून ती कार्ड पदराच्या गाठीला बांधून ठाकुरद्वारला आणायची. बेबीताईंना ते हातात धरता यायचं नाही. मग मीराबाई त्यांच्या डोळ्यांपुढे धरायची आणि बेबीताई हळू आवाजात वाचायच्या. असा त्या दोघींचा मेळ.

"लाकडाचो ठोकळो?" मीराबाईने तेलाचा हात थांबवून विचारलं. "मग पाऊस इलो तर?"

"पावसाळ्यात बघू," डॉक्टर म्हणाले.

मीराबाई बेबीताईंकडे बघत राहिली. बेबीताई भिंतीकडे बघत होत्या. संध्याकाळी मीराबाईने घरी जाऊन नवऱ्याला काय सांगितलं ते तिलाच माहीत, पण रविवारी सकाळी आठ वाजता तिच्याबरोबर रघु चिंदरकर डॉक्टरांच्या दारात उभा होता. किडकिडीत माणूस, धुवट पांढरा सदरा, खांद्याला खाकी पिशवी.

"डाक्तर, मी गाडीतला मिस्त्री न्हय," त्याने आधीच सांगितलं. "गिरणीत मोटरी बगतो. पण मोटर ती मोटर. तुमची परवानगी असंल तर दार खोलून बगतो. बिघडवणार नाय."

डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. बेबीताई खुर्चीत बसल्या होत्या. या माणसाची आठ पत्रं त्यांनी वाचली होती. त्याच्या आईच्या खोकल्याची त्याला वाटणारी काळजी, थोरल्या मुलाच्या शाळेची चौकशी, बायकोला एकदाच चुकून लिहिलेलं 'तुझी याद येते', सगळं त्यांच्या तोंडून वाचलं गेलं होतं. पण माणूस आज पहिल्यांदाच दिसत होता. रघुलाही ते जाणवलं असावं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, माझी अक्षरां लय वाईट. तुमका त्रास झालो असतलो."

"अक्षर वाईट नव्हतं," बेबीताई म्हणाल्या. "तुम्ही शाई फार पातळ वापरत होतात."

"तुरुंगातली शाई, ताई. पाणीच जास्ती." तो हसला आणि मग सगळ्यांनाच मोकळं वाटलं.

गाडी वाडीच्या फरसबंदीवर आंब्याच्या सावलीत उभी होती. डॉक्टरांनी बेबीताईंची खुर्ची बाहेर आणून गाडीजवळ ठेवली. रघुने दाराचं आतलं अस्तर सुटं करायला घेतलं. स्क्रू कुठे लपलेत ते शोधायलाच त्याला अर्धा तास लागला, कारण अमेरिकन माणसाने ते शोभेच्या पट्ट्यांखाली दडवले होते. प्रत्येक स्क्रू काढून तो बेबीताईंच्या पायाशी ठेवलेल्या वाटीत टाकायचा आणि म्हणायचा, "ताई, हा वरचा. हा मधला. ध्यानात ठेवा." त्या खरंच ध्यानात ठेवत होत्या.

अस्तर निघालं. दाराच्या पोटात दोन दांड्या, दातेरी चाक आणि तळाशी डब्यासारखी मोटर दिसली. हात जाईल एवढी एकच खाच होती आणि आत काळोख. डॉक्टर दवाखान्यात जाऊन कपाळाला बांधायचा दिवा आणि दात तपासायचा लांब दांडीचा आरसा घेऊन आले. रघुने तो आरसा उलटासुलटा करून बघितला. "हे बेस हाय," तो म्हणाला. "गिरणीत आमी मान मोडून घेतो."

मग डॉक्टरांनी आरसा धरायचा, रघुने हात घालायचा, असं काम सुरू झालं. दातांचा डॉक्टर गाडीच्या दारासमोर उकिडवा बसून "जरा डावीकडे, अजून आत," असं म्हणताना बघून सुमती दारात उभी राहून हसत होती. बेबीताईंनाही हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं.

रघुने गाडीच्या बॅटरीपासून दोन लांब तारा आणल्या आणि त्यांची टोकं थेट मोटरीला लावली. एकदम घूं झालं आणि काच झपकन खाली उतरली. त्याने तार बदलून लावली, काच वर आली.

"मोटर जिती हाय, डाक्तर," तो म्हणाला. "जळली बिळली काय नाय."

डॉक्टरांनी काच पुन्हा खाली घ्यायला लावली आणि रुमालाने कपाळ पुसलं. "बस, बस झालं. आता उघडीच राहू दे. ठोकळाही नको. पावसाळ्याच्या आधी तुम्ही पुन्हा एकदा येऊन वर करून द्या. बेबीताई, झालं बघ तुझं काम."

बेबीताई म्हणाल्या, "हो. झालं."

रघु तारा गुंडाळायला लागला नव्हता. तो बेबीताईंकडे बघत होता. मग त्याने बायकोकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाला, "डाक्तर, तुमी म्हणत असाल तर जातो मी. पण मीरा माका वेगळा सांगून घेऊन आली. ती म्हणाली, ताई सोता बटण दाबतत. माजा काम बटणाचा हाय. काच उघडी ठेवायची तर दगड मारून पण उघडी र्‍हवल."

मीराबाई पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागली. बेबीताईंच्या लक्षात आलं, एवढी वर्षं घरच्या माणसांना आपण जे सांगितलं नाही ते या तेल लावणाऱ्या बाईने न सांगता ओळखलं, आणि लालबागला जाऊन नवऱ्याला समजावून दिलं. हात वळतात त्याला इलाज नाही, पण त्या हातांकडे कुणी इतकं नीट बघितलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बरोबर आहे," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "बटणाचंच बघू."

रघुने बटणाची पेटी उघडली. आतले तांब्याचे पत्रे खाऱ्या हवेने हिरवे पडले होते. ते त्याने घासून चकचकीत केले आणि पेटी जागेवर बसवली. बटण दाबलं. काही नाही. तो विचार करत बसला. मोटर चांगली, बटण चांगलं, मग मधे बिघाड कुठे. तारा दाराच्या आतून जाताना दिसत होत्या, त्या त्याने एकेक हाताने चाचपल्या. सगळ्या धड.

आता ऊन फरसबंदीवर आलं होतं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. बेबीताई मघापासून काही बोलायच्या बेतात होत्या आणि गप्प राहत होत्या. यंत्रातलं आपल्याला काय कळतं, असं त्यांना वाटत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "रघु, मला एक सांगायचं होतं. त्याचा उपयोग आहे की नाही ठाऊक नाही."

"सांगा की ताई."

"शेवटच्या शनिवारी मला गाडीत बसवताना दार अर्धवट लोटलं गेलं होतं. माझं कोपर बटणावर पडलं. काच आधीच वर होती, ती हलली नाही. पण दारात घूं झालं. मग मनमोहनने दार लावलं आणि मी बटण दाबलं तर काही नाही. मला वाटलं, मला भास झाला."

रघु उठून उभाच राहिला. "दार अर्धा असताना?"

"हो. अर्ध्याहून थोडं कमीच."

त्याने बेबीताईंना विचारलं, "असा?" आणि दार हळूहळू लोटायला लागला. "अजून थोडं," बेबीताई म्हणाल्या. "अजून. बस." त्याने दार तिथे धरून ठेवलं आणि डॉक्टरांना बटण दाबायला सांगितलं. घूं झालं आणि काच चार बोटं वर सरकली. दार जरा हलवलं तशी थांबली.

"बिजागरीपाशी," रघु म्हणाला. "ताई, तुमी सांगितलात नसता तर मी सांजपर्यंत शोधत बसलो असतो."

दार आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये, बिजागऱ्यांच्या जरा वर, रबराची एक नळी होती. सगळ्या तारा त्या नळीतून दारात जात होत्या. दार उघडझाप होताना ती नळी रोज वाकायची. आणि हे दार इतर दारांहून कितीतरी जास्त रुंद उघडावं लागायचं, कारण बेबीताईंना उचलून आत ठेवायला दोन माणसं आत वाकायची. रघुने नळी मागे सारली. डॉक्टरांनी आरसा धरला. चार तारांपैकी एकीचं वरचं आवरण धड होतं, पण बोटांत धरून वाकवली की ती एका जागी मऊ लागत होती. आतलं तांबं तुटलं होतं. दार एका ठरावीक कोनात आलं की दोन टोकं एकमेकांना टेकायची, एरवी नाही.

दुखणं सापडल्यावर उपाय सोपा होता. रघुने तुटका भाग कापून नव्या तारेचा तुकडा जोडला, चांगला ऐसपैस, म्हणजे दार कितीही उघडलं तरी ताण नको. जोड पक्का करायला कथील लागणार होतं. ते त्याच्या पिशवीत होतं, पण ते वितळवायला काही नव्हतं. डॉक्टरांनी दवाखान्यातला स्पिरिटचा दिवा आणला. रघुने तार वितळलेल्या कथिलाने जोडली, वर पट्टी गुंडाळली, नळी जागेवर बसवली. मग म्हणाला, "ताई, तुमी आत बसा. दाबून बगा."

डॉक्टर आणि सुमतीने बेबीताईंना उचलून सीटवर बसवलं. दार लावलं. बेबीताईंनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं, हात बटणापाशी नेला आणि आंगठ्याचं पेर टेकवून दाबलं. काच खाली गेली. त्यांनी वर घेतली. पुन्हा खाली घेतली.

सुमतीने टाळी वाजवली. डॉक्टर हसत होते. रघु मात्र खिडकीच्या उंचीला वाकून बेबीताईंच्या हाताकडे बघत होता.

"ताई, दाबताना दुखता?"

"नाही," बेबीताई सवयीने म्हणाल्या.

तो तसाच वाकून राहिला. मग बेबीताई म्हणाल्या, "थोडं दुखतं. बटण जरा कडक आहे."

"पयल्यापासून?"

"पहिल्यापासून."

डॉक्टरांचं हसू मावळलं. तीन वर्षं ही गाडी दारात होती. तीन वर्षं दर शनिवारी त्यांनी मुद्दाम रस्त्याकडे बघितलं होतं, बहिणीला मोकळेपणा मिळावा म्हणून. त्यामुळे दाबताना तिचे ओठ आवळले जातात हे त्यांना दिसलंच नव्हतं.

"बेबीताई, मला सांगायचंस तरी."

"तुला किती आनंद झाला होता रे गाडी घेतल्याचा," त्या म्हणाल्या. "आणि मलाही होत होता. सांगण्याइतकं दुखत नव्हतं."

रघुने पुन्हा पेटी उघडली. बटणाखालची स्प्रिंग जाड तारेची होती, अमेरिकन माणसाच्या आंगठ्याला शोभेल अशी. "पातळ तारेची पायजे," तो म्हणाला. "माज्याकडे हाय ती तांब्याची, ती दबून ऱ्हवतली. पोलादी पायजे, केसासारखी बारीक."

डॉक्टर दवाखान्यात गेले. दातांची कवळी अडकवायला आकडे करतात ती पोलादी तार त्यांच्याकडे होती, आणि ती वळवायच्या बारीक पकडीही. ते वाडीच्या पायरीवर बसले, चष्मा कपाळावर सारला आणि एका जाड सुईभोवती तार वळायला लागले. एक स्प्रिंग जमली नाही, टाकून दिली. दुसरी फार सैल झाली. तिसरी त्यांनी बराच वेळ घेऊन केली. रघु शेजारी बसून विडी न पेटवता तोंडात धरून बघत होता. "सुरेख हात हाय, डाक्तर," तो एकदा म्हणाला.

ती स्प्रिंग बसवल्यावर बेबीताईंनी बटणावर पेर नुसतं ठेवलं, आणि काच खाली गेली. त्यांना वाटलं, आपण अजून दाबलंच नाही. त्यांनी पुन्हा करून बघितलं. मग करंगळीच्या कडेने केलं, तरी चालली. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, रघुकडे बघितलं, मीराबाईकडे बघितलं. बोटं वळलेली असल्यामुळे त्यांना नमस्कारसुद्धा धड करता येत नसे. दोन्ही मुठी एकमेकींजवळ आणून त्या रघुला म्हणाल्या, "तुम्ही आलात, हे फार बरं केलंत. मी दुसरं काय म्हणू."

"काय नको, ताई," रघु म्हणाला. "तुमच्या तोंडातून माजी ख्यालीखुशाली मीरेक कळत व्हती. माका आत बसून बरा वाटायचा, की वाचणारा माणूस चांगला हाय."

त्या दिवशी सुमतीने कोळंबीचं भानोलं, म्हणजे कोबी घालून भाजलेली वडी, केलं होतं. रघु ओसरीवर बसायला निघाला, तर डॉक्टरांनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि आपल्या शेजारी टेबलाशी बसवलं. तो आधी संकोचून दोनच घास घेत होता. मग भानोल्याची चव लागली आणि त्याने सुमतीला विचारलं, यात कोबी घातला तो कोळंबीच्या आधी का मागून. दोघांचं त्यावर बराच वेळ बोलणं चाललं.

निघताना रघुने सांगितलं, "येत्या रविवारी आमच्याकडे या सगळी. एक मेला. महाराष्ट्राचा राज्य होतला. चाळीत मोठी गंमत हाय."

"मला चार जिने कसे चढवणार?" बेबीताई म्हणाल्या.

"जिने चढू नका," मीराबाई म्हणाली. "गाडी घेऊन या. पुढचा आमी बगतो."

एक मेच्या संध्याकाळी उजेड असतानाच डॉक्टरांनी गाडी काढली. सुमतीच्या माहेरची माणसं घरी येणार होती, म्हणून ती थांबली. गिरगावात रस्त्यावर रांगोळ्या होत्या, गॅलऱ्यांतून पताका होत्या, आणि आदल्या रात्रीपासून लोक झोपले नसावेत असे चेहरे. बेबीताईंनी ठाकुरद्वारच्या नाक्यावरच काच खाली घेतली. गाडी भायखळ्याच्या पुढे गेली तशी गर्दी वाढली. लेझीम चाललं होतं. गाडी अगदी पायी चालल्यासारखी पुढे सरकत होती आणि लोक खिडकीतून आत बघून अनोळखी बेबीताईंना पेढे देत होते. त्यांना हातात घेता येत नाही हे कळल्यावर एका म्हाताऱ्या गिरणीवाल्याने पेढा त्यांच्या तोंडातच घातला आणि पुढे निघून गेला.

लालबागला शिरताना मिरच्यांचा ठसका आला. सणाच्या दिवशीही कुणाच्या तरी वर्षाच्या मसाल्याचा वास गल्लीत भरून राहिला होता. बेबीताईंना सटासट चार शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "काच लावून घेतेस?"

"नको, नको," त्या शिंकता शिंकता म्हणाल्या.

चाळीच्या दारात गाडी थांबली तेव्हा मीराबाई आधीच खाली उभी होती. तिने वर बघून हाक मारली आणि चाळ खाली उतरायला लागली. आधी रघु आणि दोन मुलं आली, मग शेजारच्या बायका, मग वरच्या मजल्यावरच्या. रघुची आई, सुभद्राआजी, कठड्याला धरत, दर जिन्यावर थांबत खाली आली. तिला उभं राहवेना. तेव्हा डॉक्टर उतरले आणि त्यांनी आजीला आपल्या जागेवर, स्टिअरिंगसमोर बसवलं. ते स्वतः रघुबरोबर वर चहाला गेले.

आजी गादीवर हात फिरवून म्हणाली, "मऊ हाय गो. तू ती कार्डां वाचणारी?"

"हो, मीच."

"माज्या खोकल्याचा लिवायचो काय तो?"

"प्रत्येक कार्डात लिहायचे."

आजी बराच वेळ मान हलवत राहिली. "माका मीरेन कधी सांगला नाय," ती म्हणाली. मग तिने बेबीताईंचा हात आपल्या हातात घेतला, वळलेली बोटं एकेक करून चाचपली आणि आपल्या सुनेला खिडकीतून विचारलं की ती कुठलं तेल लावते. त्यावरून बाहेर उभ्या असलेल्या बायकांमध्ये तेलांची चर्चा सुरू झाली. एकीने निर्गुंडी सांगितली, दुसरीने आणखी काही. कुणी पन्हं आणलं, कुणी वाटीत आंब्याची डाळ आणली. एक मुलगी आपल्या वहीतली चित्रं दाखवायला घेऊन आली, आणि बेबीताईंनी तिला सांगितलं की घोड्याचे मागचे पाय चुकलेत, गुडघा उलट्या बाजूला वळतो. मुलीने तिथेच, गाडीच्या दारावर वही टेकवून, पाय खोडून दुसरे काढले.

दिवे लागेपर्यंत ते खिडकीवरचं बोलणं चाललं होतं. डॉक्टर दोनदा खाली येऊन बघून गेले आणि दोन्ही वेळा पुन्हा वर गेले.

घरी परतल्यावर डॉक्टरांनी बेबीताईंना खुर्चीत बसवलं. सुमती पाहुण्यांना पोचवून नुकतीच आत आली होती. तिने विचारलं, "काय वन्सं, कोण कोण भेटलं?"

बेबीताई सांगायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावरची बकुळा, तिची सून, दूधवाल्याच्या शेजारची गंगुबाई, जिच्या मुलाला जगदीश म्हणतात पण खरं नाव वेगळंच आहे, चित्रं काढणारी कालिंदी. सुमतीने पानं मांडली, भात वाढला, बेबीताईंना भरवायला बसली. घास घेता घेता मधेच थांबून बेबीताई म्हणाल्या, "आणि हो, एक राहिली," आणि पुन्हा सांगायला लागल्या.